बांधून ठेवलेला मजकूर

अमरावतीच्या ज्या साप्ताहिकात मी उपसंपादक होतो, त्याचा छापखाना त्याच इमारतीत, मागच्या बाजूला होता. पुढे संपादकीय खात्याची दोन टेबलं, मागे खिळ्यांच्या केसेस आणि दोन मशीनं. या दोहोंच्या मधे एक लांबट, कमी उजेडाची खोली होती. फरशीपासून कौलांपर्यंत तिला फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांवर सुतळीने बांधलेला मजकूर ठेवलेला होता.

त्या काळी छपाई शिशाच्या सुट्या खिळ्यांनी होत असे. एक अक्षर म्हणजे एक खिळा. जुळारी केसेसच्या खणांतून खिळे उचलून ओळ जुळवी, ओळींचं पान करी आणि ते आवळून, म्हणजे त्याचा फर्मा करून, मशीनवर चढवलं जाई. छापून झालं की खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, म्हणजे पुढच्या कामाला अक्षरं मिळतात. याला मजकूर सोडणं म्हणत. सगळ्या छापखान्यांत सोडत. आमचे मालक सोडू देत नसत.

त्यांनी छापखाना घेतला तो लढाईच्या दिवसांत. तेव्हा मुंबईहून नवे खिळे मिळत नव्हते आणि हाताखाली माणसंही नव्हती. एक लग्नपत्रिका जुळवली, ती छापल्यावर तशीच ठेवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तिच्यातली फक्त नावं बदलली. काम झटकन झालं. त्या एका अनुभवावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली. पत्रिका छापली की बांधून ठेव. शाळेची प्रश्नपत्रिका छापली की बांधून ठेव. जिनिंग फॅक्टरीची पावती, चिखलदऱ्याच्या एका खाणावळीचं दरपत्रक, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात, सगळं बांधून वर.

कोणी सोडायचं नाव काढलं तर ते म्हणत, "थापलेली भाकर मोडून परत पीठ करते काय कोनी?"

यातलं फारसं काही पुन्हा लागलं नाही. तिसरीच्या गणिताची प्रश्नपत्रिका आणे-पैंची होती. नवे पैसे आले आणि ती गेली. कचेऱ्यांचे छापील नमुने होते. त्यांच्या माथ्यावर आधी मध्यप्रदेश होतं. मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, तेव्हा मुंबईचे नमुने जुळवले. मग महाराष्ट्र झाला, तेव्हा महाराष्ट्राचे. अमरावती जागची हलली नव्हती, पण तिची तिन्ही राज्यं आमच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बांधलेली होती. आमचे संपादक एकदा मालकांना म्हणाले, "मध्यप्रदेश तरी सोडून टाका आता."

"आन् सरकार परत बदललं तं?" मालक म्हणाले.

संपादक हसले. मालक हसले नाहीत.

याचा परिणाम पुढच्या टेबलांवर होत असे. अर्धं शिसं फळीवर गेल्यामुळे साप्ताहिकाला बारीक टाइप जेमतेम पुरे. कोणती बातमी लांब आणि कोणती आखूड हे कित्येकदा खणात काय उरलं आहे त्यावर ठरे. 'क्ष' संपला की सगळे अध्यक्ष सभापती होत. मोठ्या टाइपाची स्थिती आणखी वाईट होती. मथळ्याची मोठी अक्षरं जवळजवळ सगळी लग्नपत्रिकांत अडकलेली होती, कारण वराचं आणि वधूचं नाव मोठं लागतं. आम्ही मथळेही बातम्यांच्याच टाइपात देत असू. वाचकांना सवय झाली होती.

जुळारी एकच होता, मुख्य म्हणावा असा. वय चाळिशीच्या पुढे. त्याचे वडील शेतावर मजुरीला होते. हा मिसरूड फुटलं तेव्हापासून छापखान्यात. छप्पन सालानंतर त्याचं घर बौद्ध झालं होतं. फळ्यांवरचा जवळजवळ सगळा मजकूर त्याच्या हाताने जुळवलेला आणि त्याच्याच हाताने बांधलेला होता. मालकांच्या या रीतीबद्दल त्याला कोणी विचारलं तर तो म्हणे, "मालकाचं शिसं, मालकाची सुतळी. आपले फक्त हात." मशीनवाला त्याला चिडवी, की अर्ध्या अमरावतीची लग्नं तू बांधून ठेवली आहेस, एक सुतळी सुटली तर गावात घटस्फोट होतील.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, नगरपालिकेत नोकरीला. मुलगी सातवी झालेली.

तोवर त्यांच्या वस्तीतली लग्नं तोंडी निमंत्रणावर होत. माणूस घरोघरी जाऊन सांगून येई. जुळाऱ्याला पत्रिका छापायची होती. तो मालकांसमोर उभा राहिला तेव्हा मी तिथे होतो. जाहिरातीचा हिशेब चालला होता.

"छाप ना," मालक म्हणाले. "कागद मायाकडून. फळीवर इतल्या पत्रिका पडल्या हायेत. चांगली पाहून एक काढ आन् फक्त नावं बदल."

"तयार नको मालक. नवी जुळवतो म्हणतो."

"काहून? वरचा गणपती काढ आन् तुमचं जे असन ते टाक तिथं. बाकी तं तेच हाय."

"बाकीबी ते नाही ना. कुलस्वामिनी हाय त्याच्यात. गोरज मुहूर्त हाय. काढत गेलो तं नुसती चौकट उरते."

"चौकट तरी उरते ना! तिचीच तं मेहनत असते."

जुळारी म्हणाला, "मालक, दुसऱ्याच्या पोरीचं उतरवलेलं लुगडं माया पोरीले नेसवू काय? इतले दिस तेच केलं आमी. आता नाही."

मालकांनी टेबलावरचे कागद एका बाजूचे दुसऱ्या बाजूला ठेवले. चिडलेले दिसले नाहीत. ते म्हणाले, "नवी जुळव मग. मी कुठं नाही म्हनतो."

"मोठे खिळे नाहीत. खण रिकामे हायेत. एक-दोन फर्मे सोडू द्या."

आता ते चिडले. "सोडाचं नाही. त्याच्यातलं कोनतं कवा लागन, सांगता येते काय?"

"मंग नवे मांगवा मुंबईहून."

"इतले खिळे घरात असताना नवे मांगवू? लोक हासतील मले."

संपादकांनी नंतर सुचवलं की गावात आणखी छापखाने आहेत, अकोल्यात तर मुलाकडच्यांच्या ओळखीचा एक जठारपेठेतच आहे. जुळारी म्हणाला, "जनम इथं जुळवून राह्यलो, आन् पोरीची पत्रिका परक्याच्या मशीनवर?" हे मालकांच्याही कानावर गेलं असावं. दोन दिवसांनी त्यांनी अट घालून परवानगी दिली. ज्याची पत्रिका आहे तो स्वतः सोड म्हणाला, तर तेवढी सोडावी. त्यांना बहुधा वाटलं असावं, की असं कोणी म्हणणार नाही. आपल्या लग्नाचे खिळे सोडा म्हणायला कोण येतं?

त्या दुपारी जुळारी माझ्या टेबलापाशी आला. हातावर शाई होती, म्हणून हात मागे धरलेले.

"सायेब, एक इचारू काय?"

"विचारा."

"तुमची पत्रिका वर हाय. दुसऱ्या फळीवर. मोठे खिळे तिच्यातच सगळ्यात जास्त हायेत. तुमच्या वडलानं सांगून मोठ्या अक्षरात करून घेतली होती."

हे मला माहीत होतं. माझे वडील अकोल्याचे, मालकांच्या परिचयातले. पत्रिका त्यांनी इथेच छापून घेतली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, बाळंतपणात, पत्नी गेली. मूलही राहिलं नाही. त्यानंतर मला इथे नोकरी लागली, तीही त्याच ओळखीने. खोलीतून जाताना दुसऱ्या फळीवर तो फर्मा दिसे. बाकीच्या फर्म्यांसारखाच होता. वरची धूळही तितकीच.

मी म्हणालो, "सोडा."

"परत इचार करा. उद्या सांगा."

"उद्याही तेच सांगेन. सोडा."

तो म्हणाला, "मालकाले तुमी सांगा. माया तोंडून त्याईले खरं वाटनार नाही."

मी मागे जाऊन सांगितलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

फर्मा खाली काढायला दोघं लागले, मशीनवाला आणि जुळारी. तो दगडी पाट्यावर ठेवला. जुळाऱ्याने सुतळी कापली. सुतळी निघाली, मजकूर होता तसाच राहिला. एरवी सुतळी सुटली की खिळे सैल होतात, बोटाने ढकलले तर पडतात. हे पडले नाहीत. त्याने ओळीच्या टोकाला नख लावलं, मग चिमटा, मग लाकडाची हातोडी. संपूर्ण पत्रिका शिशाच्या एका ठोकळ्यासारखी आडवी सरकली.

"काय झालं बे?" मशीनवाल्याने विचारलं.

"शाई," जुळारी म्हणाला. "धुतलीच नव्हती."

प्रकार असा होता. मजकूर सोडायचा असेल तर आधी रॉकेलने शाई धुतात. आमच्याकडे सोडायचा नसे, म्हणून धूतही नसत. बांधून ठेवायच्या गोष्टीवर रॉकेल कशाला घालवायचं, असा मालकांचा हुकूम होता आणि जुळाऱ्याला त्यात वावगं दिसलं नव्हतं. घरात चिमणीला रॉकेल मिळत नव्हतं ते दिवस. छापल्यावर खिळ्यांवर आणि खिळ्यांच्या मधे राहिलेली शाई सुकली. तिच्यावर पावसाळे गेले. शिशावर पांढरट बुरशीसारखा थर आला. अक्षरं एकमेकांना चिकटून बसली.

त्यांनी घमेल्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळलं आणि फर्मा तुकड्यातुकड्याने त्यात घातला. मागच्या अंगणात वास सुटला. मी दाराशी उभा होतो. शिशातली अक्षरं उलटी असतात. ती सरळ वाचायची सवय मला झाली होती. त्या दिवशी वाचली नाहीत. आधी वेलबुट्टीची चौकट सुटली. मग काही अक्षरं. जी नावाची मोठी अक्षरं हवी होती त्यांच्या वेलांट्या आणि मात्रा चिमट्यात तुटल्या. जुळाऱ्याने सुटलेले खिळे फडक्यावर मांडले आणि एकेक डोळ्याजवळ नेऊन पाहिला. बरेचसे त्याने बाजूला टाकले.

"भागत नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "सायेब, तुमची बी गेली आन् माही बी झाली नाही."

"असू द्या," मी म्हणालो. मला त्यावेळी आणखी काही वाटल्याचं आठवत नाही. आत जाऊन मी जिल्हा कौन्सिलच्या सभेचा वृत्तान्त पुरा केला.

मालक आले. त्यांनी घमेलं पाहिलं, फडक्यावरचे खिळे पाहिले. मग स्वतः खोलीत गेले आणि हाताला आला तो एक फर्मा उचलून आणला. तो एका डॉक्टरांच्या सूचनेचा होता, की डॉक्टर परगावी गेले असून पुढच्या सोमवारी परत येतील. डॉक्टर वारून बराच काळ झाला होता. सुतळी कापली. तोही ठोकळा. त्यांनी दुसरा आणवला, तिसरा आणवला. मध्यप्रदेश कापला, मुंबई राज्य कापलं. सगळे ठोकळे. एकाही फर्म्यातलं नाव बदलता आलं नसतं आणि एकाही फर्म्यातली अक्षरं परत मिळाली नसती. इतकी वर्षं जे तयार म्हणून ठेवलं होतं, ते त्या खोलीत कधीच तयार नव्हतं.

मशीनवाला म्हणाला, "मालक, आता तं भंगारात देऊन टाका. खोली मोकळी होईन."

मालकांनी कपाळ पुसलं. "नाही. बांध परत. ठेव वर."

"आता कायले?"

"सांगतो ना, ठेव वर!"

मशीनवाल्याने ते सगळे परत बांधले. कापलेल्या सुतळ्या आखूड पडत होत्या म्हणून गाठी मारल्या. माझ्या फर्म्याचं जे उरलं होतं तेही बांधलं आणि दुसऱ्या फळीवर ठेवलं.

जुळाऱ्याच्या पत्रिकेचं काम अडलेलंच राहिलं. लग्न जवळ येत होतं. अकोल्याहून मुलाकडचा एक माणूस येऊन विचारून गेला, की पत्रिका निघणार आहेत की आम्ही तोंडी सांगायला लागू? जुळारी म्हणाला, "निघन, निघन." त्या आठवड्यात त्याच्या जुळणीत चुका निघाल्या. एरवी त्याच्या जुळणीत चुका निघत नसत.

साप्ताहिक शुक्रवारी छापून होई. शनिवारी तो त्याचा मजकूर सोडी. तेवढा सोडायला मालकांची ना नव्हती, कारण नाहीतर पुढचा अंकच निघाला नसता. सोमवारी नवी जुळणी सुरू होई. मधल्या वेळात बारीक टाइपाचे खण भरलेले असत. त्या शनिवारी जुळारी घरी गेला नाही. खण भरले आणि तिथेच उभा राहून, बातम्यांच्या त्या टाइपात, मुलीची पत्रिका जुळवू लागला. मोठं अक्षर एकही नव्हतं. वर बुद्धाला वंदन, त्याच आकारात. वधूचं नाव, त्याच आकारात. वराचं नाव, गाव, वार, वेळ, सगळं त्याच आकारात. चौकट घातली नाही. मजकूर त्याने आधी कागदावर लिहिलेला नव्हता. एक ओळ जुळवायचा, पाहायचा, त्यातला एखादा शब्द काढून टाकायचा. एकदा मला हाक मारून विचारलं, "सायेब, 'येण्याची कृपा करावी' म्हनतेत ना? कृपा नको वाटते. काय लिहू?"

"'यावे' लिहा."

"बस 'यावे'?"

"पुरे आहे."

त्याने 'यावे' जुळवलं. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं लहान मशीन, त्याने स्वतः मारलं.

मोठ्या जाड कागदाच्या मधोमध ती बारीक ओळींची पट्टी आली आणि भोवती सगळा कागद कोरा राहिला. रविवारी मुलगी गठ्ठा न्यायला आली. धाकट्या भावंडाचं फडकं आणलं होतं बांधायला. तिने एक पत्रिका वरून उचलली, वाचली, उलटून मागे पाहिलं, परत वाचली.

"बाबा, हे तं पेपरातल्या बातमीवानी दिसून राह्यलं."

"बातमीच हाय ना माय."

"आन् मायं नाव इतलं बारीक?"

"पेपरात मंत्र्याचं नावबी इतलंच असते. इचार सायबाले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इतलंच असतं." तिला ते पटलं की नाही हे कळलं नाही. तिने गठ्ठा फडक्यात बांधला आणि डोक्यावर घेऊन गेली.

सोमवारी मी आलो तेव्हा जुळणी सुरू झालेली होती. जुळारी हातात ओळ जुळवायची स्टिक घेऊन बाजारातला कापसाचा भाव जुळवत होता. थोड्या वेळाने मालक आले. मशीनपाशी राहिलेली एक पत्रिका त्यांनी उचलली आणि उजेडात हात लांब करून धरली. चष्मा त्यांच्याजवळ नव्हता.

"बारीक हाय," ते म्हणाले. "पन बरी हाय. बांधून ठेव हे. तुमच्यातले आनखी येतीन आता. त्याईचं सोपं होईन."

"सोडलं मालक."

"कवा?"

"काल सांजीलेच. धुऊन, खणात टाकून." त्याने स्टिक थोडी तिरकी करून दाखवली. "हे काय, त्याचेच खिळे हायेत. भाव जुळवून राह्यलो."

"आन् तुमच्यातले आले तं?"

"आले तं त्याईचं त्याईले जुळवून देईन."

मला वाटलं आता मालक खोलीकडे वळतील किंवा ओरडतील. त्यांनी विचारलं, "किती वाजता हाय लगन?"

जुळाऱ्याने खणातून पुढचा खिळा उचलला. "त्याच्यात लिवलं हाय मालक," तो म्हणाला.

मालकांनी पत्रिका डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.